बातमीचा खर्च कोण उचलतं?

निमशहरी

"मीडिया विकला गेलाय" हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालंय की म्हणणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही आणि ऐकणाऱ्याला काही करावं लागत नाही. डावे म्हणतात, उजवे म्हणतात, ज्यांच्याविरुद्ध बातमी आली ते तर सगळेच म्हणतात. रात्री नऊच्या चर्चेत कोण कोणावर खेकसलं याच्या क्लिपा आपण एकमेकांना पाठवतो आणि माध्यमांची चिकित्सा केल्याचं समाधान मिळवतो. या धाग्यात मला अँकर नकोत. (खरंच नकोत. त्यांच्यावरचे धागे भरपूर आहेत, तिकडे जा.)

मला तालुक्याबद्दल बोलायचंय.

मराठी दैनिकांच्या जिल्हा आवृत्तीतला बराचसा मजकूर तालुका वार्ताहर पाठवतो. त्याला पगार नसतो. काही ठिकाणी मानधन असतं, ते पेट्रोल आणि मोबाइलच्या बिलात जिरतं. अनेक ठिकाणी तेही नसतं. त्याला मिळतं ओळखपत्र आणि जाहिरातीवरचं कमिशन. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, दैनिकाचा वर्धापनदिन आणि आमदारसाहेबांचा वाढदिवस आला की त्याने पुरवणीसाठी जाहिराती आणायच्या. कोणाकडून? सरपंच, ठेकेदार, पतसंस्था, कारखाना, बाजार समिती, शिक्षणसंस्था. उरलेलं वर्षभर त्याने बातम्या द्यायच्या. कोणाबद्दल? सरपंच, ठेकेदार, पतसंस्था, कारखाना, बाजार समिती, शिक्षणसंस्था.

इथे कोणी विकलं जायची गरजच पडत नाही.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं, प्रकरण गाजलं ते आठवत असेल. तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा तोच मजकूर, शब्दाला शब्द, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत आला होता, हे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिलं. वृत्तपत्रांवर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. २०१० मध्ये तिने वृत्तपत्रांच्या नावानिशी अहवाल दिला, तर कौन्सिलने तो बाजूला ठेवून नावं गाळलेला छोटा अहवाल काढला. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहिती अधिकार वापरावा लागला. त्या वेळी सगळ्यांनी नाकाला पदर लावला, पण मला त्यात नवीन फार दिसत नाही. वर्षभर उधारीवर, डोळ्यांच्या खुणांवर चालणाऱ्या व्यवहाराचं निवडणुकीत दरपत्रक छापलं गेलं, एवढंच.

आपल्या पुरोगामी मंडळींबद्दल माझी तक्रार अशी की माध्यमांवर बोलताना आपण फक्त मताबद्दल बोलतो. संपादकाची भूमिका काय, मथळ्याची भाषा काय, चर्चेला कोणाला बोलावलं. मजुरीबद्दल बोलत नाही. ऊसतोड कामगार, आशा सेविका, अंगणवाडी सेविका यांच्या मोबदल्यासाठी आपण मोर्चात जातो, आणि जायलाच हवं. पण त्यांच्या मोर्चाची बातमी जो माणूस फुकट लिहितो त्याच्या मोबदल्याचा प्रश्न आपल्या कुठल्याच जाहीरनाम्यात नसतो.


रामप्रहर

वाचतोय. मुद्दा पटला.


खोडरबर

लेख चांगला, पण आरोपी चुकीचा पकडलाय. अंकाची किंमत कागदाचा आणि छपाईचाही खर्च भरून काढत नाही. त्यातून महिनाअखेरीस रद्दी विकून आपण निम्मी वसुली करतो. वर मोबाइलवर तोच अंक पीडीएफ म्हणून ग्रुपमध्ये फिरवतो. वाचकाने बातमीचा खर्च उचलायचं नाकारलं, म्हणून जाहिरातदाराने उचलला. त्याने उचलला म्हणून तो बोलणार. यात भांडवलशाही, पुरोगामी, प्रतिगामी वगैरे आणायचं कारण नाही.

आणि एक खोचक प्रश्न. तुम्ही पुरोगामी मंडळी ज्या बातम्यांच्या पोर्टलांचं कौतुक करता ती देणग्यांवर चालतात. देणगीदार बोलत नाही का?


निमशहरी

बोलतो की. पण तो कोण आहे हे बहुधा पोर्टलवर लिहिलेलं असतं, आणि नसेल तर तुम्ही ते विचारू शकता, विचारताही. पतसंस्थेची बातमी का आली नाही हे विचारताना तिची दिवाळीची पानभर जाहिरात आपण त्याच्याशी जोडून बघत नाही, कारण बातमी आलेलीच नसते. न आलेल्या बातमीवर धागा कसा काढणार?


जुना वार्ताहर

मी हे काम केलंय. दैनिकाचं नाव सांगणार नाही, जिल्हाही नाही.

वरच्या लेखात एक गोष्ट ओझरती आलीय ती नीट सांगतो, कारण बाहेरच्यांना ती माहीत नसते. जाहिरातीचे पैसे रोख मिळत नाहीत. ठेकेदार म्हणतो, "छाप, बघू नंतर." पुरवणी निघते, बिल जिल्हा कार्यालयातून वार्ताहराच्या नावावर पडतं. म्हणजे वसुली त्याची. बऱ्याच ठिकाणी वार्ताहर आणि अंकाचा एजंट एकच माणूस असतो, त्याची अनामत कार्यालयात पडून असते. जाहिरातीची रक्कम आली नाही तर कमिशन तर नाहीच, उलट अनामतीतून वळती होते, नाहीतर पुढच्या महिन्याचे गठ्ठे कमी येतात.

आता त्या ठेकेदाराने केलेल्या पाणीयोजनेची टाकी गळतेय. गावातल्या बायका हंडे घेऊन पंचायत समितीसमोर बसल्यात. बातमी तुमच्यासमोर बसलीय. ती लिहिली तर ठेकेदार फोनसुद्धा करत नाही. तो फक्त बिल देत नाही. कोणी धमकी दिली, पाकीट दिलं, संपादकाने दाबली, असलं काही घडतच नाही. बातमी दाबायला पैसे लागतात हा शहरातल्या लोकांचा समज आहे. उधारी पुरते.

मग वार्ताहर काय करतो? बातमी देतो, पण 'पाणीटंचाईमुळे महिलांचा ठिय्या' अशी देतो. टाकी कोणी बांधली ते त्यात नसतं. गटविकास अधिकाऱ्यांनी आश्वासन दिलं हे असतं. वाचणाऱ्याला वाटतं पाऊस कमी झाला म्हणून टंचाई आहे. बातमी खोटी नसते, हे लक्षात घ्या. तिच्यातला कर्ता गेलेला असतो.


तळटीप

"तिच्यातला कर्ता गेलेला असतो". हे जिल्हा आवृत्तीपुरतं नाही. 'दोन गटांत तणाव', 'जमावाने दगडफेक', 'मजुराचा मृत्यू' या सगळ्या मथळ्यांत तेच आहे.

खोडरबर, रद्दीचा मुद्दा मान्य, पण हिशेब अर्धा मांडलात. जाहिरातदार म्हणजे साबणवाला आणि गाडीवाला असं आपल्या डोक्यात असतं. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या छोट्या दैनिकांचा आणि साप्ताहिकांचा मोठा आधार सरकारी जाहिरात असते: निविदा, जाहीर नोटिसा, योजनांच्या दर्शनी जाहिराती. त्यासाठी शासनाच्या यादीवर यावं लागतं, खपाचे आकडे द्यावे लागतात. काही साप्ताहिकांचे अंक किती निघतात याचं उत्तर 'यादीवर राहण्यापुरते' असं आहे. म्हणजे तुमच्याआमच्या करातूनच तो खर्च चाललाय. वाचकाने नाकारलेला नाही, त्याच्या नकळत घेतलाय, आणि वाटणाऱ्याच्या हातात चमचा आहे.

त्या जाहिरातींचं स्वरूपही बघा. सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कोणाचा फोटो नको, असं सर्वोच्च न्यायालय मे २०१५ मध्ये म्हणालं. दहा महिन्यांत, मार्च २०१६ मध्ये, मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांचे फोटो परत आत आले.


काळा कोट

या विषयात एक जुनं प्रकरण आहे आणि ते मराठी आहे, म्हणून सांगतो. थोडं लांबेल.

१९५२ साली नेमलेल्या पहिल्या प्रेस कमिशनने (अध्यक्ष न्या. राजाध्यक्ष) हाच प्रश्न हाताळला होता. मोठ्या भांडवलाचं दैनिक जाहिरातींच्या जिवावर जास्त पानं कमी किमतीत देतं आणि छोटी दैनिकं मरतात. उपाय सुचवला तो असा की पानांच्या संख्येनुसार किमान किंमत सरकारने ठरवावी. त्यातून १९५६ चा कायदा आला आणि १९६० चा आदेश. त्याला आव्हान दिलं पुण्याच्या 'सकाळ'ने. आदेश पाळायचा तर किंमत वाढवा नाहीतर पानं कमी करा. किंमत वाढवली की खप घटणार, पानं कमी केली की मजकूर घटणार. दोन्हीकडून राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आक्रसतं, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची ती तरतूद आणि आदेश रद्द केला. 'छोट्यांना वाचवतोय' हा सरकारचा बचाव चालला नाही, कारण कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर बंधनं घालायची जी कारणं दिलीत त्यांत हे बसत नाही.

दहाएक वर्षांनी, १९७२ मध्ये, बेनेट कोलमन ('टाइम्स ऑफ इंडिया'ची मालक कंपनी) खटल्यात वृत्तपत्रांच्या कागदवाटपाचं सरकारी धोरण आणि दहा पानांची मर्यादा अशीच पडली. पण त्यात न्या. के. के. मॅथ्यू यांचं भिन्नमत आहे, ते वाचण्यासारखं आहे. साध्या भाषेत त्यांचा रोख असा: बोलण्याचं स्वातंत्र्य छापखान्याच्या मालकापुरतं नसतं, वेगवेगळी मतं कानावर पडण्याचा समाजाचा हक्कही त्यातच येतो. पुढे हेच मॅथ्यू दुसऱ्या प्रेस कमिशनचे अध्यक्ष झाले आणि १९८२ च्या अहवालात वृत्तपत्रं इतर उद्योगधंद्यांच्या मालकीपासून वेगळी करा अशी शिफारस केली. ती कुठे गेली हे सांगायला नको.

माझं मत विचाराल तर 'सकाळ'चा निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबरच होता. पण त्यानंतर स्वातंत्र्याची आपली कल्पना 'सरकारने हात लावू नये' इथेच थांबली.


खोडरबर

मग सरकारने हात लावावा? पानं मोजायला इन्स्पेक्टर पाठवावा? आणीबाणीत पानं मोजली नाहीत, सरळ खोडली. प्रेस कौन्सिलच गुंडाळून टाकली होती, ती १९७८ च्या कायद्याने परत आणावी लागली. ज्यांना सरकारी जाहिरातीचा चमचा खुपतो त्यांनी सरकारच्या हातात पळी द्यायला निघू नये.

बाय द वे, कौन्सिलला आजही दंड करता येत नाही. ताशेरे मारते. आणि चॅनेलं तिच्या कक्षेतच नाहीत.


तळटीप

सरकारी पैसा आणि सरकारी हात वेगळे ठेवता येतात. नॉर्वेत १९६९ पासून वृत्तपत्रांना सरकारी अनुदान आहे, आणि ते मुख्यतः छोट्या स्थानिक दैनिकांना आणि आपल्या भागात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्यांना मिळतं. खप वगैरे निकष ठरलेले असतात, मंत्र्याच्या मर्जीवर नाही. तिथली वृत्तपत्रं त्याच सरकारला झोडपतातही. आपल्याकडे निकष कागदावर आहेत, हे मान्य. ते पाळले जातात का, हा बातमीचा विषय आहे. आणि ती बातमी कोण छापणार?


उंबरठा

सगळी चर्चा पैशाभोवती चाललीय, ते बरोबरच आहे, पण फुकट काम कोणाला परवडतं हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

तालुका वार्ताहर कोण असतो बघा. ज्याच्या घरी शेती आहे, दुकान आहे, शाळेत अनुदानित नोकरी आहे, नाहीतर छोटी ठेकेदारी आहे. पंचायत समितीत चहा पीत बसायला ज्याला कोणी हटकत नाही. रात्री दहाला पोलीस ठाण्यातून फोन आला तर जो जाऊ शकतो. म्हणजे तालुक्यात ज्या जातीचा वरचष्मा आहे तिथला पुरुष. पगार नसलेली नोकरी ही आपोआप राखीव नोकरी असते, आणि हे आरक्षण कोणाला खुपत नाही.

वरच्या मजल्यावरचं चित्र तर आकड्यांतच आहे. दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ निर्णय घेणाऱ्या पत्रकारांची २००६ मध्ये पाहणी झाली. त्यात दलित किंवा आदिवासी एकही नव्हता. २०१९ च्या ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीच्या अहवालात १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ सवर्णांकडे होती, अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य.

दरवर्षी सहा जानेवारीला 'दर्पण' आणि बाळशास्त्री जांभेकर यांची आठवण काढून पत्रकार दिन होतो. काढावीच. पण ३१ जानेवारी १९२० हीसुद्धा मराठी पत्रकारितेचीच तारीख आहे. 'मूकनायक'साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून तो निघू शकला. आणि 'मूकनायक' निघतोय ही जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. खोडरबर, "जाहिरातदार पैसे देतो म्हणून बोलतो" हे तुमचं गणित इथे लावून बघा. पैसे होते. बोलायची जागा नव्हती.


रामप्रहर

दीनबंधूसुद्धा. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढला, नंतर मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवला. गिरणी कामगारांच्या हालाची बातमी बाकीच्यांना बातमी वाटत नव्हती, त्याच वेळी हा माणूस ती लिहीत होता आणि १८८४ मध्ये कामगारांची संघटनाही बांधत होता.

पण आता वृत्तपत्राची गरजच कुठे आहे? आमच्या भागात पोरं मोबाइल आणि माइक घेऊन यूट्यूब चॅनेल चालवतात. खड्डा दिसला की लाइव्ह. त्यात संपादक नाही, पुरवणी नाही.


जुना वार्ताहर

आमच्याकडेही आहेत. चांगली पोरं आहेत, काही तर आमच्यापेक्षा धीट. पण त्यांच्या चॅनेलच्या सुरुवातीला कोणाच्या शुभेच्छा झळकतात ते बघा. तेच आमदार, तेच ठेकेदार. फरक एवढाच की उधारी बंद झाली, आगाऊ घेतात. काही जण तर खड्डा दाखवतात, मग फोन येतो, मग व्हिडिओ उतरतो. आमच्या काळी छापलेलं परत घेता येत नव्हतं.

आणि धिटाईची किंमतही बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं. रिफायनरीच्या वादातल्या माणसाबद्दल त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, २०१७ चा कायदा, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा होता. तो माणूस दुचाकीवर एकटाच होता.


खोडरबर

वारिशे यांच्याबद्दल वाद नाही. उंबरठा, 'केसरी'चं उदाहरण बिनतोड आहे, ते माझ्या गणितात बसत नाही हे कबूल.

तरी उपाय काय ते सांगा. तक्रारींवर धागा शंभरी गाठेल.


निमशहरी

मला एक सुचतंय. दूध, साखर, कर्ज, सूत, अंडी, सगळ्याला महाराष्ट्रात सहकारी संस्था निघाली. वाचकांच्या मालकीचं जिल्हा वृत्तपत्र काढायला काय हरकत आहे? सभासद वाचक, दरवर्षी वर्गणी, दोन-तीन पगारी बातमीदार, आणि जाहिरातदारांची यादी थकबाकीसह वर्षातून एकदा अंकात छापायची.


तळटीप

सहकारी दैनिक म्हणजे चेअरमनचं दैनिक. पहिल्या निवडणुकीत पॅनेल पडेल, दुसऱ्या वर्षी चेअरमनच्या वाढदिवसाची पुरवणी निघेल. थकबाकीची यादी मात्र भन्नाट कल्पना आहे. ती छापायला सहकार लागत नाही, आजच्या कुठल्याही दैनिकाला उद्या छापता येईल.


उंबरठा

सहकार नको तर निदान विश्वस्त संस्था आणि वर्गणीदार. 'साधना' साप्ताहिक १९४८ पासून चाललंय की. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ मध्ये सुरू झालेलं 'खबर लहरिया' ग्रामीण बायका चालवतात, त्यांत दलित बायका मोठ्या संख्येने. त्यांना पगार मिळतो म्हणून त्या बाहेर पडू शकल्या. मोठमोठ्या योजना आखण्याआधी 'बातमीदाराला पगार' एवढी एकच मागणी धरली तरी बरंच हलेल.


काळा कोट

पगाराच्या मागणीला कायद्याचा आधार जुनाच आहे. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा होता, त्याखाली वेतन आयोग आले. मजिठिया आयोगाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या याचिका फेटाळून त्या कायम केल्या. २०२० च्या कामगार संहितेत तो कायदा विलीन करून टाकला, ही वेगळी रड. गोम व्याख्येत होती: पत्रकारिता हा माणसाचा 'मुख्य व्यवसाय' असला पाहिजे. पगार द्यायचा नाही, मग तो पोटासाठी दुकान टाकतो, मग म्हणायचं याचा मुख्य व्यवसाय दुकान आहे.


निमशहरी

आणि ते नियुक्तिपत्र? "आपला व संस्थेचा मालक-नोकर संबंध राहणार नाही" असं त्यात छापलेलंच असतं म्हणे. ते टिकतं का?


काळा कोट

कागदावर काय लिहिलंय यापेक्षा काम प्रत्यक्षात कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या देखरेखीखाली होतं हे न्यायालय बघतं. तेव्हा ते वाक्य म्हणजे शेवटचा शब्द नाही. पण रोज काय काम केलं हे दाखवावं लागेल.


जुना वार्ताहर

कसं दाखवणार? बातमीवर आमचं नाव कुठे असतं? 'वार्ताहर' नाहीतर 'प्रतिनिधी' एवढंच छापतात. नाव येतं ते जाहिरातीच्या बिलावर.


काळा कोट

बिल जपून ठेवा, तोही पुरावाच आहे. ईमेल आहेत. डेस्कचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्यात "अमुक फोटो पाठवा, इतक्या शब्दांत द्या, सातच्या आत द्या" असे निरोप येतात. इलेक्ट्रॉनिक पुरावा प्रमाणपत्रासह दाखल करता येतो. काम सोडलं की लोक रागाने ग्रुप सोडतात आणि चॅट पुसून टाकतात. ते करू नका, आधी बॅकअप घ्या. आणि एकट्याने अर्ज करू नका. एका जिल्ह्यातले आठ-दहा वार्ताहर एकत्र आले तर कामगार आयुक्तांकडे मी स्वतः येईन, फी नको.


जुना वार्ताहर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.